वीज घरावर पडते त्याहून जास्त वेळा तारेतून आत शिरते

तुमचा प्रश्न वाचला. गोव्यात डिचोलीजवळ सड्यावर (उंच, मोकळ्या पठारावर) तुमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आहे. पुढची बाजू कौलारू, मागे स्लॅब आणि स्लॅबवर पाऊस अडवायला पत्र्याची शेड. गेल्या ऑक्टोबरात संध्याकाळी विहिरीजवळच्या माडावर वीज पडली आणि त्याच क्षणी टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर आणि पंपाचा स्टार्टर गेला. आता एक विक्रेता म्हणतो, शंभर मीटरचा परिसर सांभाळणारा अरेस्टर (वीज झेलून जमिनीत नेणारं उपकरण) छपरावर लावा. तो घ्यावा का, माड तोडावा का आणि दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या आईला धोका किती, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

डिचोली, सत्तरी, फोंडा या भागात मी घरांच्या अर्थिंगची आणि वीजसंरक्षणाची कामं करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तो अरेस्टर आत्ता घेऊ नका. तुमचे पैसे आधी दोन वेगळ्या जागी लागायला हवेत. का, ते सविस्तर सांगतो.

आधी नुकसान कसं झालं ते नीट बघू, कारण उपाय त्यावरच ठरतो. वीज तुमच्या घरावर पडलेलीच नाही. माडातून जमिनीत उतरणारा प्रवाह साधारण तीस हजार अँपिअरच्या घरात असतो आणि काही मायक्रोसेकंदांत तो शिखराला पोचतो. एवढा प्रवाह इतक्या झपाट्याने वाढला की आसपासच्या प्रत्येक लांब तारेत हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. त्या तारेला विजेचा स्पर्शही व्हावा लागत नाही. तुमच्याकडे अशा लांब तारा तीन: खांबावरून आलेली सर्व्हिस वायर, झाडांना बांधत बांधत आणलेली केबलवाल्याची वायर आणि घरापासून विहिरीपर्यंत गेलेली पंपाची केबल. शिवाय माडाच्या बुंध्याभोवतीची जमीनच क्षणभर हजारो व्होल्टवर जाते. तुमची विहीर माडाशेजारी आणि घर लांब, त्यामुळे पंपाचं लोखंडी अंग आणि घरातली अर्थ यांच्यात जो फरक पडला त्याने स्टार्टरमधून वाट काढली. छपरावर कितीही भारी अरेस्टर असता तरी या चारपैकी एकही वस्तू वाचली नसती.

आता धोक्याचं वजन कसं करायचं ते बघू. वीजसंरक्षणाचं आपल्याकडे लागू असलेलं मानक म्हणजे आयएस/आयईसी ६२३०५. त्यात घराचं 'संकलन क्षेत्र' काढतात, म्हणजे घर आपल्या उंचीमुळे जेवढ्या जागेतली वीज स्वतःवर ओढून घेऊ शकतं तेवढी जागा. तुमचं घर १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि शेडसकट ७ मीटर उंच धरलं तर हे क्षेत्र सुमारे २७०० चौरस मीटर येतं. दर चौरस किलोमीटरला वर्षातून ५ वेळा जमिनीवर वीज पडते असं निव्वळ हिशेबापुरतं धरू. प्रमाण कळायला तेवढं पुरे. मोकळ्या सपाट जागेत एकट्या उभ्या असलेल्या अशा घरावर सरासरी ७४ वर्षांतून एकदा वीज पडेल. तेच घर टेकडीच्या माथ्यावर असेल तर मानकाप्रमाणे धोका दुप्पट, म्हणजे ३७ वर्षांतून एकदा. आणि हेच घर खाली कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), चहूबाजूंनी उंच झाडांच्या मध्ये असेल तर धोका पावपट धरतात, म्हणजे सुमारे ३०० वर्षांतून एकदा.

आता तारांचा हिशेब करू. जवळपास पडलेल्या विजेने तारेत सर्ज, म्हणजे क्षणभराचा जास्त व्होल्टेजचा धक्का, उठण्याचं क्षेत्र मानकात तारेच्या दर मीटरमागे ४००० चौरस मीटर धरतात. ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या घरापर्यंत ५०० मीटर उघडी लाइन असेल तर हे क्षेत्र झालं दोन चौरस किलोमीटर. म्हणजे त्याच गृहीतावर वर्षाला १० वेळा. यातले बहुतेक धक्के लहान असतात आणि उपकरणं ते पचवतात, पण दर धक्क्याला त्यांच्या आतले भाग थोडे थोडे कमजोर होत जातात. घरावर थेट वीज पडायला ३७ ते ७४ वर्षं, आणि तारेतून धक्का वर्षातून दहादा. दोन्हीत शेकडो पटींचा फरक आहे. म्हणून मी खर्चाचा क्रम तारेपासून सुरू करतो.

हे आकडे जागेप्रमाणे बदलतात. तुमचं घर सड्याच्या कडेला आहे की मध्यावर, शेजारी तुमच्यापेक्षा उंच काय आहे, लाइन वरून येते की जमिनीखालून, यावर उत्तर हलतं. पणजीत किंवा म्हापशात दाट वस्तीतल्या फ्लॅटसाठी मी हे उत्तर दिलं नसतं. तिथे इमारतीचं संरक्षण सोसायटीने बघायचं आणि फ्लॅटवाल्याने आपल्या बोर्डापुरतं. तुमच्यासारख्या सड्यावरच्या सुट्या घराला मात्र शेवटी छपरावरचं संरक्षणही हवं, असंच माझं मत आहे. फक्त ते शेवटी.

पहिलं काम अर्थिंग. गोव्यात सगळं घोडं इथेच अडतं. चिऱ्याच्या दगडाला भोकं असतात, पाणी त्यातून सरसर खाली निघून जातं आणि मे महिन्यात वरचा थर ठणठणीत कोरडा होतो. नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिल-मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, दुपारनंतर सह्याद्रीकडून ढग चढतात आणि विजांचा जोर असतो. जुलै-ऑगस्टात पाऊस धो धो, पण विजा त्या मानाने कमी. म्हणजे जमीन सगळ्यात वाईट असते तेव्हाच विजा सगळ्यात जास्त. म्हणून अर्थचं मोजमाप मी मेमध्ये करायला सांगतो. सप्टेंबरात ओल्या जमिनीत घेतलेलं रीडिंग बघून समाधान मानू नका.

जमिनीचा विशिष्ट रोध (ती वीजप्रवाहाला किती अडवते ते माप) १००० ओहम-मीटर असेल तर तीन मीटरच्या एका सळीचा रोध सुमारे ३३० ओहम येतो. सळी तांब्याची असो की महागड्या केमिकलची, दगड तोच राहतो. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर तोही एकदा उघडून बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. मीठ दोन-तीन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाता जाता जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप खाऊन जातं. चेंबरचं झाकण उचलल्यावर वारंवार दिसतं ते असं: वरून पट्टी धडधाकट, पण माती जिथे सुरू होते त्या रेषेवर ती कागदासारखी पातळ झालेली. नट गंजून फुगलेला, आणि त्याच्याखाली हिरवी वायर रंगाच्या थरावरच दाबून बसवलेली. बोटाने हलवली की वायर हातात येते. वरून चुना मारलेला असल्यामुळे सगळ्यांना वाटतं, अर्थिंग आहे.

तुमच्या घराला मी सळीऐवजी घराभोवती रिंग सुचवेन. भिंतीपासून एक मीटर लांब, निदान अर्धा मीटर खोल चर खणायचा आणि त्यात जीआय पट्टी घराला पूर्ण वेढा घालून पुरायची. चर भरताना फोडलेला चिरा परत टाकू नका, शेतातली लाल चिकट माती किंवा बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. चिऱ्यात चर खणायला मजूर कंटाळतात आणि "एका बाजूने पुरे" म्हणतात, तिथे ऐकू नका. त्याच १००० ओहम-मीटर जमिनीत अशी रिंग चाळीस ओहमच्या आसपास येते, म्हणजे एका सळीच्या आठव्या हिश्श्याइतकी. मानक दहा ओहमच्या आत असावं असं सुचवतं, म्हणून चार कोपऱ्यांना चिऱ्याचा थर पार करून खालच्या मऊ, ओलसर मातीपर्यंत सळ्या उतरवल्या तर फार चांगलं. पण आकड्यापेक्षा रिंगचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो: घराखालच्या सगळ्या जमिनीचं व्होल्टेज एकाच वेळी वर-खाली होतं. एका कोपऱ्यात हजारो व्होल्ट आणि दुसऱ्या कोपऱ्यात शून्य, असं होत नाही.

त्याच कारणासाठी घरातल्या सगळ्या अर्थ एकमेकींना जोडलेल्या हव्यात. आपल्याकडे पक्का समज आहे की "आकाशातल्या विजेची अर्थ वेगळी, लाइटची वेगळी ठेवायची". तो धोकादायक आहे. दहा ओहमची उत्तम अर्थ असली तरी तीस हजार अँपिअर तिच्यातून गेले की तीन लाख व्होल्ट होतात. एका अर्थवर तीन लाख आणि चार मीटरवरच्या दुसऱ्या अर्थवर काहीच नाही, तर मधला फरक घरातून, म्हणजे फ्रिजमधून, पंपातून किंवा माणसातून उडी मारणार. जोडलेल्या असल्या की सगळं घर एकदम वर जातं आणि एकदम खाली येतं. इन्व्हर्टर, पंप, पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाइप, डिशचा स्टँड, शेडचे खांब, सगळं एका बसबारवर (धातूच्या सामायिक पट्टीवर) आणा.

दुसरं काम सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की तुटणारा स्विच) आणि ईएलसीबी (अर्थकडे गळती झाली की तुटणारा) विजेपासून वाचवत नाहीत. त्यांना तुटायला काही मिलिसेकंद लागतात आणि सर्ज त्याआधीच येऊन काम करून गेलेली असते. स्टॅबिलायझरचंही तेच. एसपीडी मात्र दाब वाढताक्षणी तार आणि अर्थ यांच्यामध्ये वाट उघडून देतो.

तो मेन बोर्डात, मीटरनंतर आणि ईएलसीबीच्या आधी बसवायचा. मीटरच्या आधीची बाजू वीज खात्याची, तिथे हात लावायचा नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत खातं फेज आणि न्यूट्रल देतं आणि अर्थ आपण स्वतः करतो. अशा ठिकाणी सिंगल फेजला '१+१' जोडणीचा एसपीडी मागा, थ्री फेजला '३+१'. त्यात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वेगळा गॅस ट्यूबचा भाग असतो, त्यामुळे एसपीडी खराब झाला तरी अर्थमधून सतत करंट वाहत नाही. गावात रात्री व्होल्टेज चढतं, म्हणून २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घ्या. त्याच्या आधी कंपनीने सांगितलेल्या मापाचा फ्यूज किंवा एमसीबी हवाच. खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा एसपीडी पेटू नये म्हणून.

छपरावर काही नसेल तर टाइप २ (तारेतून येणाऱ्या सर्जसाठीचा) चालतो, ४० किलोअँपिअरचा. छपरावर वीजवाहक लावणार असाल तर टाइप १ (थेट विजेचा प्रवाह पेलणारा) किंवा दोन्ही कामं करणारा टाइप १+२ लागतोच. कारण असं: छपरावर पडलेल्या प्रवाहापैकी साधारण निम्मा जमिनीत जातो आणि उरलेला निम्मा घराला जोडलेल्या तारांवरून बाहेर पडायला बघतो, असं मानकच धरून चालतं. पुरेसा मोठा एसपीडी नसेल तर तो निम्मा तुमच्या बोर्डातून वाट फोडत जातो. केवळ वर सळी लावून आत काही न करणं हे काहीच न लावण्यापेक्षा फारसं बरं नाही, ते यामुळे.

बसवताना एक गोष्ट इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभं राहून बघा. एसपीडीकडे जाणारी आणि त्याच्याकडून अर्थ बारकडे जाणारी वायर, दोन्ही मिळून अर्धा मीटरच्या आत हवी. बोर्डात जागा नाही म्हणून एसपीडी खालच्या कोपऱ्यात आणि हिरवी वायर दीड-दोन मीटर गुंडाळून, टाय मारून सुबक ठेवलेली, असं काम दिसायला छान दिसतं. पण सर्जच्या वेळी दर मीटर वायरवर सहज हजार व्होल्ट उभे राहतात आणि ते एसपीडीच्या दाबात मिळवले जाऊन टीव्हीपर्यंत जातात. वायर आखूड, सरळ आणि जाड, एवढंच लक्षात ठेवा. एसपीडीवर छोटी खिडकी असते. हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की कार्ट्रिज बदलायचं. मोठ्या गडगडाटानंतर आणि मेच्या सुरुवातीला ती बघायची सवय लावा.

पंपाच्या केबलला विहिरीच्या टोकालाही एक एसपीडी द्या. तुमच्या बाबतीत हे मी टाळणार नाही, कारण स्टार्टर तिथूनच गेला आहे. इंटरनेट फायबरने येत असेल तर काच वीज नेत नाही हे खरं, पण झाडांवरून ओढलेल्या फायबरच्या पोटात बऱ्याचदा आधाराची स्टीलची तार असते आणि ती थेट राउटरच्या डबीपर्यंत आणलेली असते. ती भिंतीबाहेरच कापून अर्थला जोडायला सांगा. टीव्हीची जुनी केबल असेल तर तिलाही वेगळा प्रोटेक्टर लागतो.

म्हणजे क्रम असा झाला: रिंग आणि सगळ्या अर्थची जोडणी, मग मेन बोर्ड आणि पंपाला एसपीडी, आणि त्यानंतर छप्पर.

छपराबद्दल आता सांगतो. 'शंभर मीटर'वाले अरेस्टर विजेच्या आधी ठिणगी सोडून तिला लांबून ओढून घेतात, असा दावा असतो. त्यामागे एनएफ सी १७-१०२ हे फ्रेंच मानक दाखवतात. आपण स्वीकारलेलं ६२३०५ हे मानत नाही. त्याच्या मते कुठल्याही टोकाचं संरक्षण त्याच्या प्रत्यक्ष लांबी-उंचीवरूनच मोजायचं, आत काय बसवलंय त्यावरून नाही. दोन मीटरची सळी शंभर मीटर सांभाळत नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा, "आयएस/आयईसी ६२३०५ प्रमाणे याचं संरक्षण क्षेत्र किती, ते लिहून द्या."

तुमच्या घराला साधं काम पुरेल. आढ्याच्या कौलांवरून ८ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सळई, दोन्ही टोकांना आखूड उभ्या सळ्या. मागच्या शेडचा पत्रा तुमच्या फायद्याचा आहे. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड आणि एकमेकांना नीट जोडलेला असेल तर तोच वीज झेलायचं काम करू शकतो. थेट तडाख्यात त्याला भोक पडेल, पण खाली स्लॅब आहे. मात्र आज त्या शेडचे खांब स्लॅबवर नुसते बोल्टने बसवलेले असणार, जमिनीशी संबंध नाही. अशी शेड म्हणजे घराच्या डोक्यावर ठेवलेला वाट नसलेला पत्रा. वीज त्यावर पडली तर स्लॅबमधल्या फॅनच्या वायरिंगमधून खाली येईल. ती जोडा. घराचा घेर ५४ मीटर धरला तर मानकातल्या संरक्षणाच्या तिसऱ्या वर्गाप्रमाणे, दर १५ मीटरला एक, असे चार डाउन कंडक्टर (छपरावरची वीज जमिनीत उतरवणारे वाहक) येतात. चिऱ्याच्या भिंतीत कॉलमचं स्टील नसतं, त्यामुळे ते बाहेरूनच घ्यावे लागतील. बाल्कांव (घरापुढची ओसरी) आणि दरवाजापासून ते लांब ठेवा. ॲल्युमिनियम मातीत पुरायचं नाही, जमिनीच्या वरच जोड देऊन खाली जीआय. नवीन घर बांधणाऱ्यांनी प्लिंथच्या स्टीललाच वेल्ड करून पट्टी बाहेर काढून ठेवावी, त्या टप्प्यावर खर्च नगण्य असतो.

माडाचं म्हणाल तर एकटंदुकटं झाड घराला वाचवत नाही, तसंच लांबचं झाड घराचं वाईटही करत नाही. भिंतीपासून दोन-तीन मीटरच्या आत असलेल्या उंच माडावर वीज पडली तर ती खोडातून बाजूला उडी मारून भिंतीतल्या वायरिंगवर येऊ शकते. असा माड शेजाऱ्यांच्या हद्दीत असेल तर त्यांच्याशी बोला. विहिरीजवळचा, घरापासून लांबचा माड तोडून तुमच्या तारांचा धोका कमी होणार नाही, पुढची वीज पलीकडच्या माडावर पडेल. ज्याच्यावर पडली त्याचा शेंडा सुकायला लागला असेल तर तो पडायच्या भीतीने तोडावा लागेल, ती गोष्ट वेगळी.

आणि आई. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं विजेने दगावतात, पण ती बहुतांश शेतात, मोकळ्यावर, झाडाखाली असलेली. चार भिंतींच्या आत, तारांपासून आणि नळापासून दूर बसलेल्या माणसाला धोका फार कमी असतो. त्यांना तीन गोष्टी सांगा. गडगडाट ऐकू आला की वाळत घातलेले कपडे काढायला किंवा गुरं सोडायला बाहेर जायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबायचं. त्या वेळात आंघोळ, भांडी, लोखंडी पाइपाचा नळ नको; बाल्कांवात ग्रिलला टेकून बसायचं नाही. हातातला मोबाइल चालेल, चार्जरला लावलेला नको.

प्लग काढायचे ते गडगडाट जवळ यायच्या आधी, ऐन कडकडाटात बोर्डाकडे जायचं नाही. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नसतं. बटणाच्या आतली फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते आणि एक मिलिमीटर हवा साधारण तीन हजार व्होल्टला हार मानते. शिवाय न्यूट्रल जोडलेलाच राहतो. टीव्ही आणि राउटरचे प्लग आईला न वाकता काढता येतील अशा उंचीवर आणून द्या, तरच ते निघतील. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या फोनवर ठेवा. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं, म्हणजे कामावरून फोन करून सांगायला वेळ मिळतो.

मीटर आणि मेन बोर्ड यांच्यात किती अंतर आहे, पंपाची केबल जमिनीखालून आहे की वरून, आणि आत्ताच्या अर्थ चेंबरचं झाकण उघडून काढलेला फोटो, एवढं पाठवा. बोर्डात एसपीडी कुठे बसेल आणि रिंगला पट्टी किती लागेल ते त्यावरून सांगता येईल.